मराठीतलं क्वीअर साहित्य: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुण्यात आम्ही दहा-पंधरा जण पुस्तकं घेऊन बसतो. कट्टाच म्हणा. त्याला नाव नाही, फलक नाही, चहा ज्याचा त्याने आणायचा. नवीन येणारा प्रत्येक जण, आणि फोनवर 'सहज विचारतोय हं' असं म्हणणारा प्रत्येक जण तेच तेच विचारतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. मतं माझी आहेत. कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांना यातली निम्मी मान्य नाहीत.

क्वीअर साहित्य म्हणजे नेमकं कोणतं?

लग्नपत्रिकेच्या साच्यात ज्याचं प्रेम किंवा ज्याचं लिंगभान बसत नाही, असा माणूस ज्या पुस्तकात गोष्टीच्या मधोमध उभा असतो, ते. दारातून डोकावून, चार हशे मिळवून निघून जाणारा नव्हे. लेखक स्वतः कोण आहे, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

कडेची पुस्तकं मात्र फार मजेशीर असतात. आनंद यादवांची 'नटरंग' घ्या. गुणा कागलकर काही समलिंगी नाही. पण तमाशासाठी 'नाच्या' झालेल्या पैलवानगड्याकडे गाव ज्या नजरेने बघू लागतं, ती नजर आमच्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. मी ती कादंबरी शेजारच्या फळीवर ठेवतो. आमच्यातली एक ताई म्हणते, शेजारच्या कशाला, याच फळीवर ठेव. हा वाद तीन वर्षं चालू आहे.

'क्वीअर'ला मराठी शब्द नाही का?

एक असा नाही, तुकडे आहेत. समलिंगी, समलैंगिक, उभयलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी. यातले बरेचसे कार्यकर्त्यांनी, डॉक्टरांनी, सरकारी कागदांनी घडवलेले. तोंडात ते जरा कोरडेच लागतात. 'मी समलैंगिक आहे' हे वाक्य घरी म्हणून बघा, तलाठ्याकडचा दाखला वाचल्यासारखं वाटतं. 'हिजडा' हा शब्द शिवी म्हणून फेकला जातो, पण त्या समाजातल्या कित्येकांनी तो अभिमानाने उचलून धरला आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठींनी तर तो आपल्या पुस्तकाच्या नावातच घातला. आपण बाहेरच्यांनी तो कसा वापरायचा, हे समोरच्या माणसाला विचारावं.

'गे' हा शब्द मात्र मराठीत आधीपासूनच राहतो. 'काय गे', 'गे माये' म्हणत आपल्या आज्या-पणज्यांनी तो हजारदा वापरला. आमच्यातला एक कोकणी मित्र सांगतो की त्याची आजी सगळ्या सुनांना 'गे' म्हणूनच हाक मारायची, आणि घरात खराखुरा गे तो एकटाच होता, त्याला मात्र तिने कधी तशी हाक मारली नाही.

कट्ट्यावर आम्ही सरळ 'क्वीअर' म्हणतो. स्टेशन, टेबल पचवलेल्या भाषेला हा एक शब्द जड जायचं कारण नाही.

हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्याकडे कुठे होतं असलं?

हा प्रश्न बहुधा कुणाचे तरी काका विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवर मोकळेपणाने बोलणारं मासिक चालवत होते. वाचक पत्रं पाठवून नाही नाही ते प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना न लाजता, न चिडता उत्तरं देत. वाचकांच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. त्यात हस्तमैथुनाचे प्रश्न होते, तसे समलिंगी संबंधांचेही. 1934 मध्ये मुंबईच्या कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर कुणी प्रश्न विचारला आणि त्याला सरळ उत्तर दिलं, एवढ्याने ते अश्लील कसं ठरतं, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. तुम्ही आत्ता ज्या जातीचं पान वाचता आहात, त्याच जातीच्या मजकुरासाठी झालेला हा दंड. काकांना सांगा.

दुसरं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377. विलायतेहून आलेलं काही शोधायचंच असेल, तर ते हे. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं.

तिसरं, आपली रंगभूमी. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घरंदाज बायका करत होत्या हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्या कौतुकाच्या पोटात काय काय दडलंय, हे बघायचं धाडस सतीश आळेकरांनी 'बेगम बर्वे'मध्ये केलं. साल 1979. बर्वे म्हणजे संगीत नाटकांच्या काळातला किरकोळ स्त्रीपार्टी, आता उदबत्त्या विकून दिवस काढणारा. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून त्याला बाई समजून आपल्या स्वप्नात ओढतात, लग्न लागतं, डोहाळे लागतात, मधूनमधून नाट्यपदं येत राहतात. बर्वे पुरुष की स्त्री, हा प्रश्न नाटक सोडवतच नाही. ज्यांना हा प्रश्न सुटायलाच हवा असतो, त्यांना हे नाटक झेपत नाही.

आणि चौथं, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले जोगते. राजन गवसांची 'भंडारभोग' ही कादंबरी जोगत्याची आहे, 'चौंडकं' जोगतिणीची. 2009 चा 'जोगवा' चित्रपट ज्या लेखनावर उभा आहे, त्यात या दोन्ही येतात. भंडारभोगात साडी नेसवली जाते ती इच्छेने नव्हे, देवाच्या आणि गावाच्या बळजबरीने. त्यामुळे 'बघा, आपली परंपरा किती उदार होती' असं म्हणणाऱ्यांनीही ती वाचावी. परंपरा होती, उदार होतीच असं नाही.

सुरुवात कुठून करू?

'कोबाल्ट ब्लू'. सचिन कुंडलकर, मौज प्रकाशन, 2006. लहान कादंबरी, एका बैठकीत होते.

पुण्यातलं मध्यमवर्गीय मराठी घर. वरच्या खोलीत पेइंग गेस्ट येतो. तनय आणि अनुजा, भाऊ आणि बहीण, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो अनुजाला घेऊन निघून जातो, आणि मग तिलाही सोडतो. पहिला भाग तनयचा, त्या गेलेल्या माणसाशीच बोललेला. दुसरा अनुजाचा, रोजनिशीसारखा. त्या पाहुण्याला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. दोन माणसांनी जिवापाड प्रेम केलेला माणूस आणि वाचकाला त्याचं नावसुद्धा कळत नाही, ही गोष्ट मला पहिल्या वाचनात लक्षातच आली नव्हती.

या पुस्तकाची मी पाहिलेली पहिली प्रत एका जुन्या वाचनालयातली. मागच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली होती. चार वर्षांत शिक्के तीन. म्हणजे हिशेबाने जवळपास कोरं पुस्तक. पण कणा मोडलेला, कोपरे काळवंडलेले, आणि तनयच्या भागातली दोन पानं दोऱ्यातून सुटून आलेली. लोक ते घरी नेतच नव्हते. कपाटापाशी उभं राहून वाचत होते आणि परत जागेवर ठेवत होते. नेलं असतं तर काउंटरवर नाव लिहावं लागलं असतं. मीही तसंच वाचलं, चार संध्याकाळी, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत. काउंटरवरच्या बाई चष्म्यावरून बघायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी काही न बोलता एक स्टूल आणून ठेवलं.

जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2013 मध्ये आला. चित्रपट खुद्द कुंडलकरांनीच केला, तो 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. हिंदीत, आणि घर उचलून केरळात नेलेलं. देखणा आहे. पण त्या घरातल्या न बोलण्याला जी मराठी चव होती, ती समुद्राच्या वाऱ्यावर थोडी उडून गेली असं मला वाटतं. आधी पुस्तक वाचा.

यातली माणसं शेवटी मरतातच का?

अगदी वाजवी तक्रार आहे. 'मित्राची गोष्ट' वाचून आलेला प्रत्येक जण ही तक्रार घेऊन येतो.

विजय तेंडुलकरांचं हे नाटक 1981 मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी सुमित्राच्या भूमिकेत. स्वातंत्र्यापूर्वीचं कॉलेज. सुमित्रा, म्हणजे मित्रा, नमाच्या प्रेमात आहे, आणि हे सगळं आपल्याला सांगतो आहे बापू, जो स्वतः मित्राच्या प्रेमात आहे. नावाची गंमत बघा. 'मित्राची गोष्ट' म्हणजे एका मित्राची गोष्ट, आणि मित्रा नावाच्या मुलीचीही गोष्ट. विभक्ती लागली की दोन्ही शब्द एकच होतात. पोस्टर वाचणाऱ्याला कळतही नाही की गोष्ट बाईची आहे. तेंडुलकरांनी हे मुद्दाम केलं की आपोआप झालं, कोण जाणे. पण ज्या मुलीला धड पुरुषांत बसू दिलं नाही आणि धड बायकांत, तिच्यासाठी यापेक्षा नेमकं नाव सापडलं नसतं.

आणि हो, ती मरते. तेव्हाच्या मराठी रंगभूमीवर अशी मुलगी उभी करायची तर तिला शेवटी मारावं लागणार, असं काहीसं होतं. मारल्याशिवाय प्रेक्षकाला दया दाखवता येत नाही. मला या नाटकाबद्दल आदर आहे आणि रागही आहे, आणि दोन्ही कमी झालेले नाहीत. तेंडुलकरांच्याच कथेवरून रवी जाधव यांनी 'मित्रा' हा लघुपट केला, 2014 चा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो बघितलात तर जुन्या मजकुराकडे नवा माणूस कसा बघतो, ते कळेल.

'कोबाल्ट ब्लू'मध्ये त्या तिघांतलं कुणी मरत नाही. माणसं रडतात, परत येतात, जेवायला बसतात. 2006 मध्ये ही फार मोठी गोष्ट होती.

बायकांचं लेखन कुठे आहे?

दुखरी नस. पुरुषांच्या मानाने मराठीत ते फारच थोडं आहे, आणि जे आहे ते बऱ्याचदा दुसऱ्याच गोष्टीच्या आडोशाला. शांता निसळ यांच्या 'बेघर'वर 'उंबरठा' निघाला, 1982 साली. त्यात महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं, आणि आश्रमाच्या दृष्टीने ते शिस्तीचं प्रकरण असतं. ओझरतं, पण होतं. घरी टीव्हीवर तो सिनेमा लागला की त्या प्रसंगाला कुणीतरी उठून पाणी प्यायला जायचं, हे आमच्यातल्या चौघींनी वेगवेगळ्या गावांहून सांगितलं आहे.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. मुलाला वरची खोली असते, गच्ची असते, रात्री उशिरा येण्याची मुभा असते. मुलीची रोजनिशी घरातले सगळे वाचतात.

मग मराठी घरांतल्या बायकांनी हे कुठे लिहिलं? इंग्रजीत. सुनीती नामजोशी हे नाव आपल्याकडे पुरेसं माहीत नाही, याची मला खंत आहे. जन्म 1941, मुंबई. आजोळ फलटणच्या नाईक-निंबाळकरांचं. प्रशासकीय सेवेत अधिकारी होत्या, ती सोडून परदेशी गेल्या, टोरोंटोत शिकवलं. 1981 मध्ये त्यांचं 'फेमिनिस्ट फेबल्स' आलं. पंचतंत्राच्या घाटातल्या छोट्या छोट्या गोष्टी, एकेक पानाच्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी सुई. त्यांनी आई सरोजिनी नामजोशींबरोबर गोविंदाग्रजांच्या कवितांचा इंग्रजी अनुवादही केला होता. गडकऱ्यांच्या प्रेमकवितांतून निघून ही बाई लेस्बियन स्त्रीवादी गोष्टींपर्यंत पोचली, आणि हा रस्ता मराठीतूनच जातो. या गोष्टी कुणीतरी मराठीत परत आणायला हव्यात. आमच्या कट्ट्यावर दोघींनी एकीचा प्रयत्न केला होता. एका गाढवावर आठ दिवस अडकल्या, कारण इंग्रजीतल्या गाढवाला लिंग नव्हतं आणि मराठीतल्या गाढवाला नपुंसकलिंग.

गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची 'कारी', 2008, हीसुद्धा इंग्रजीच, पण चित्रकादंबरी. मुंबईत राहणारी, बाईवर प्रेम करणारी नायिका. इंग्रजीची भीती वाटत असेल तर हिच्यापासून सुरुवात करा, चित्रं हात धरून नेतात.

तृतीयपंथी लेखकांकडून नेहमी आत्मकथाच का येते?

कारण मागणी तिचीच असते. प्रकाशकाला आणि वाचकाला 'कशी झालीस, कुठे गेलीस, काय सोसलंस' एवढंच ऐकायचं असतं. दलित आत्मकथनांबद्दल पूर्वी हेच झालं होतं.

याचा अर्थ आत्मकथा वाचू नयेत असा नाही. 'मी हिजडा मी लक्ष्मी!' जरूर वाचा. मनोविकास प्रकाशन, 2012, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. ठाण्यात वाढलेल्या थोरल्या मुलाची, नाचाची, घरच्यांची गोष्ट आहे. त्यातला मला भावलेला भाग हा की लक्ष्मी घर सोडत नाही. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की हिजडा म्हणजे घर सुटलेला माणूस. इथे आई-वडील आहेत, भांडणं आहेत, नातं टिकून आहे.

पण त्यापाठोपाठ लगेच दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह घ्या. कवितेत माहिती पुरवावी लागत नाही. ती बाई तुम्हाला काही समजावत बसत नाही, ती बोलते. आमच्याकडे ज्या दिवशी त्यातल्या कविता मोठ्याने वाचल्या, त्या दिवशी चर्चाच झाली नाही. चहाही राहिला.

मराठीत लिहिताना 'गेलो' की 'गेले'? इथेच अडतं माझं.

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. मराठीत माणूस तोंड उघडतो आणि पहिल्याच क्रियापदाला उघडा पडतो. मी आलो, मी आले. जातो, जाते. जायचो, जायचे. इंग्रजीत प्रियकराबद्दल पानंच्या पानं लिहून तो की ती हे लपवता येतं. आपल्याकडे 'आला' म्हटलं की संपलं.

पण भाषेने मागचं दारही ठेवलं आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ घ्या: मी चहा केला, मी पत्र लिहिलं, मी खिडकी उघडली. इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं, करणाऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. 'मला वाटलं', 'मला भूक लागली', 'मला जायचंय', सगळं सुरक्षित. भविष्यकाळ तर सगळ्यांना सारखाच: मी येईन, मी सांगेन. 'आम्ही गेलो' यातही काही कळत नाही. थोडक्यात, येणं-जाणं-बसणं-उठणं टाळा आणि काहीतरी करत राहा, की मराठीत तुम्ही पान-दोन पानं लिंगाशिवाय जगू शकता. आमच्यातल्या एका पारलिंगी मित्राने असा अख्खा दोन पानांचा मजकूर लिहून आणला होता. त्यात पात्र कुठेच जात नाही, सतत काहीतरी रांधतं, धुतं, उघडतं, मिटतं. वाचल्यावर आम्ही म्हटलं, फार दमलेलं वाटतंय हे माणूस. तो म्हणाला, 'मग? दमतंच की.'

कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तिथे जन्मली असतीस तर तुझा निम्मा प्रश्न सुटला असता, असं आम्ही एकीला चिडवतो.

आणि जोडीदाराबद्दल बोलताना? काही जण 'पार्टनर' म्हणून आदरार्थी अनेकवचनात पळ काढतात: पार्टनर आले, पार्टनर म्हणाले. काही जण 'आपलं माणूस' म्हणतात. हे मला फार आवडतं. माणूस पुल्लिंगी, पण माया आली की तो नपुंसक होतो: आपलं माणूस, माझं माणूस. यात तो नाही, ती नाही, आणि कुणाला संशयही येत नाही. आमच्यातला एक जण ऑफिसात रजेच्या अर्जात लिहितो, 'घरचं माणूस आजारी असल्यामुळे'. अकरा वर्षं झाली, घरचं माणूस अधूनमधून आजारी पडत असतं.

मी गे वगैरे नाही. मी वाचू का?

'श्यामची आई' वाचताना तुम्ही कोकणातले होतात का?

आणि लिहू का?

लिहा की. आळेकर, तेंडुलकर, गवस, सगळ्यांनी लिहिलं. फक्त एक. लिहून झाल्यावर बघा, तुमचं पात्र लग्न, आजार आणि आत्महत्या या तीन गोष्टींशिवाय आणखी काही करतं का. भाजी आणतं का, कुणावर जळतं का, ऑफिसात चुगली करतं का. करत नसेल तर ते अजून माणूस झालेलं नाही.

राज राव यांचं नाव सारखं ऐकू येतं, ते मराठी लेखक आहेत का?

नाहीत, इंग्रजी. आर. राज राव पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. 'द बॉयफ्रेंड' 2003 ची, मुंबईची. लोकल, चर्चगेट, जात, वर्ग, सगळं आहे. लक्ष्मीच्या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादात ते सहअनुवादक आहेत. काही जणांना त्यांची भाषा भडक वाटते. मला नाही वाटत. मुंबईच तशी आहे.

377 गेल्यावर लेखनात काही बदललं का?

आधी तारखा, कारण लोक त्यात फार गोंधळ घालतात. 2 जुलै 2009, दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीचे संबंध गुन्ह्याबाहेर काढले. 11 डिसेंबर 2013, सर्वोच्च न्यायालयाने ते परत गुन्ह्यात घातले. 15 एप्रिल 2014, नालसा निकाल, तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क. 6 सप्टेंबर 2018, 377 पुन्हा, आणि या वेळी पक्कं, सैल झालं. 17 ऑक्टोबर 2023, समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार. 2009 ते 2013 या साडेचार वर्षांत ज्यांनी घरी सांगून टाकलं होतं, त्यांचे 2013 चे डिसेंबर आठवून बघा. मी आठवत नाही.

लेखनाचं म्हणाल तर पूर्वी समजावून सांगणं हेच निम्मं काम होतं. ते काम मराठीत ज्यांनी खांद्यावर घेतलं, त्यांत बिंदुमाधव खिरे यांचं नाव सगळ्यात आधी. 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट, 2011 मध्ये पुण्याची पहिली प्राइड पदयात्रा, आणि या सगळ्याबरोबर पुस्तकं: 'पार्टनर', 'इंद्रधनु', 'मनाचिये गुंती'. त्यांची पुस्तकं साहित्य म्हणून कशी आहेत यावर आमच्यात वाद होतात, व्हावेतही. पण रत्नागिरीतल्या किंवा लातुरातल्या कुणाला तरी पहिल्यांदा मराठीत 'हा आजार नाही' हे वाक्य वाचायला मिळालं, ते अशा पुस्तकांमुळे. इंग्रजी वाचणाऱ्यांकडे 1990 पासून अशोक राव कवींचं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक होतं. मराठीला जास्त थांबावं लागलं.

आता नवीन मुलं समजावत बसत नाहीत. ब्रेकअपवर लिहितात, डेटिंग ॲपवर जात विचारणाऱ्यांवर लिहितात, भाड्याची खोली मिळत नाही त्यावर लिहितात. चांगलं लिहितात आणि वाईटही लिहितात. वाईट क्वीअर कविता वाचायला मिळणं ही मी प्रगती समजतो.

पुस्तकं मिळत नाहीत. काय करू?

दुकानात 'क्वीअर' असा कप्पा शोधू नका, तो नसतो. कादंबरीच्या, नाटकाच्या, आत्मचरित्राच्या कप्प्यात लेखकाचं नाव घेऊन मागा. संपलेल्या आवृत्त्यांसाठी अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकानं आणि रद्दी. नाटकांच्या संहिता नाट्यस्पर्धा करणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडे हमखास सापडतात, झेरॉक्स का होईना.

छापायचं आहे, पण खऱ्या नावाने नको.

मग नका छापू खऱ्या नावाने. मराठीत टोपणनावाला कधीच कुणी नाक मुरडलेलं नाही. गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, बालकवी. माणिक गोडघाटे 'ग्रेस' झाले. चिं. त्र्यं. खानोलकर तर 'आरती प्रभू' नावाने कविता लिहायचे आणि कुणी विचारलं नाही की बाईचं नाव का. टोपणनाव घेतलंत म्हणून तुम्ही भेकड ठरत नाही. मानधनासाठी संपादकांना खरं नाव सांगावं लागेल, तेवढ्यापुरतं सांभाळून बघा.

कट्ट्यावरही हाच नियम. जे नाव सांगाल, तेच तुमचं नाव. फोटो काढायचे नाहीत. रस्त्यात भेटलो तर आम्ही आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर मग चहा.

आईला कोणतं पुस्तक देऊ?

नेहमीचं उत्तर 'मनाचिये गुंती', कारण त्यात घरच्यांचे अनुभव आहेत, आणि नाव ज्ञानोबांच्या 'मोगरा फुलला'मधलं, त्यामुळे देव्हाऱ्याशेजारीसुद्धा राहू शकतं. नाटकाची आवड असेल तर चेतन दातार यांचं 'एक माधवबाग', तेही आईच्याच तोंडून.

पण पुस्तक हातात देऊन समोर बसू नका. आईला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. मी 'कोबाल्ट ब्लू' दिलंच नव्हतं. वर्तमानपत्राचं कव्हर घालून माझ्या कपाटात ठेवलं होतं, खूण म्हणून आत पीएमटीचं तिकीट. एकदा सुट्टीत घरी गेलो तेव्हा ते तिकीट माझ्या पानावर नव्हतं, चाळीस पानं पुढे होतं. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी ती पोळ्या लाटत होती, पाठ माझ्याकडे. म्हणाली,

'तो वरच्या खोलीतला मुलगा परत येतो का रे?'

मी म्हटलं, 'नाही गं. येत नाही.'

'मला वाटलंच,' म्हणाली, आणि पोळी उलटली.

पुढचं सगळं बोलणं व्हायला आणखी दीड वर्ष गेलं. तरी मी तारीख तीच धरतो.

कट्ट्यावरून नेलेलं पुस्तक किती दिवसांत परत करायचं?

पंधरा. दंड नाही. 'मित्राची गोष्ट'ची प्रत ज्यांच्याकडे दोन पावसाळ्यांपासून आहे, त्यांनी ती आणून द्यावी किंवा मागणाऱ्या कुणाला तरी पुढे द्यावी, मला फक्त एक मेसेज टाका. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या नाहीत, आधीच्या कुणाच्या तरी आहेत. खोडू नका.